डावा बद्द वाजतोय

माझा आवाज लहान आहे. घशातून निघतो तेव्हा तो पुरेसा असतो, असे मला वाटते. पण समोरच्यापर्यंत पोहोचेतो त्याचा निम्मा जीव वाटेतच जातो. शाळेत हजेरीच्या वेळी मी रोज 'हजर' म्हणत असे आणि आठवड्यातून दोनदा तरी गैरहजर लागत असे. आई म्हणायची, "तुझं बोलणं म्हणजे उशीखाली ठेवलेलं घड्याळ. ज्याला झोप येत नाही त्यालाच ऐकू येणार."

म्हणूनच कदाचित मी यंत्रांकडे वळलो. त्यांच्याजवळ बसून नुसते ऐकले तरी त्यांना पुरते. आज मी वाहन तपासणीच्या कार्यालयात निरीक्षक आहे. जड वाहने आवारातल्या खड्ड्यावर उभी राहतात, मी दिवा घेऊन त्या खड्ड्यात उतरतो, त्यांची पोटे न्याहाळतो आणि वर येऊन फिटनेसच्या कागदावर सही करतो किंवा करीत नाही. सही न करण्याचे कारण लेखी द्यावे लागते. ही या नोकरीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

आमच्या आवाराच्या भिंतीपलीकडे एक शाळा आहे. तिची विजेची घंटा वर्षातले सहा महिने मुकी असते, आणि तिच्या मुलांचा चेंडू दिवसातून एकदा तरी आमच्या बाजूला पडतो. मी तो परत फेकत असे. एके दिवशी चेंडूऐवजी फाटकातून मुलांच्या बाईच आल्या.

"तुम्ही चेंडू फेकताना काहीतरी बोलता म्हणे," ती म्हणाली. "मुलांत पैजा लागल्यात, काय बोलता त्यावर."

"सांभाळून, असं म्हणतो."

ती एक पाऊल पुढे आली. "काय?"

"सांभाळून."

"अरेरे. सगळेच हरले की." आणि ती हसली. तिला दुसऱ्या खेपेला माझे बोलणे ऐकू आले होते, आणि त्यासाठी ती एक पाऊल जवळ आली होती. त्यानंतरचे वर्ष मी इथे सांगणार नाही. ते आमचे आहे. वर्षाच्या शेवटी ती म्हणाली, "आता रविवारी घरी येत जा. बाबांना एकदम विचारू नकोस. आधी त्यांच्या ट्रकशी ओळख करून घे."

तिच्या वडिलांना सारी गल्ली उस्ताद म्हणते. तीस वर्षे त्यांनी लष्करातले अवजड ट्रक चालवले आणि दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर लिलावात निघालेला एक सहा चाकी ट्रक घेऊन ते घरी आले. तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे. उंच नाक, चौकोनी दिवे, मागे ताडपत्रीचे छत आणि दोन्ही कडांना लाकडी बाके. त्याला ते थोरली म्हणतात. पहिल्या रविवारी तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, चहाचा कप हातात देताना मला घरची व्यवस्था समजावून सांगितली: "थोरली ती बाहेर उभी आहे ती. मी धाकटी. तिला दर शनिवारी तेलपाणी मिळतं. माझे गुडघे चार वर्षं कुरकुरतायत, कोणी ग्रीस दाखवलेलं नाही."

उस्ताद तेव्हा चाकाशी वाकले होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "काय करतोस?" मी सांगितले. ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "चहा घेशील ना आणखी?" मी म्हणालो, "नको, झाला." आणखी एक कप आला. मी तो प्यायलो. गाव कोणते, वडील काय करतात, भावंडे किती, अशा प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर दिले आणि प्रत्येक उत्तरानंतर ते असे पुढे गेले, जणू मी काही बोललोच नव्हतो. तिसऱ्या रविवारपर्यंत त्यांनी माझे नाव ठेवले होते: मौनीबाबा. समोरचा टायरवाला, त्यांचा जुना दोस्त, मला पाहिले की ओरडे, "उस्ताद, मौनीबाबा आले! आज प्रवचन आहे का?"

मला वाटले, हा नापसंतीचा एक सभ्य प्रकार असावा.

तरीही ते मला शिकवीत असत. त्या छपराखाली मी जितका सुखी होतो तितका फार थोड्या ठिकाणी झालो आहे. वंगणाचा वास, पत्र्याच्या भोकांतून पडणारी उन्हाची नाणी, आणि एका म्हाताऱ्या माणसाचे एका म्हाताऱ्या यंत्राशी चाललेले बोलणे. ट्रकचा भार ज्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांवर तोललेला असतो त्यांना आमच्या धंद्यात पाटे म्हणतात. लांबपासून आखूडपर्यंत एकावर एक रचलेले, मधोमध एका बोल्टात ओवलेले, आणि वरून दोन यू-बोल्टांनी आवळलेले. खड्डा आला की ते वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. चाळीस वर्षे हेच. मुख्य पाटा तुटला तर अॅक्सल जागेवरून सरकतो, आणि मग चालकाने कितीही स्टिअरिंग फिरवले तरी गाडी त्याचे ऐकत नाही.

"उतारावर झालं होतं," उस्तादांनी एकदा सांगितले. "माझ्या पुढच्या गाडीला. तिचा चालक माझा दोस्त होता. त्या दिवशी निघायची घाई होती, ठोकायचं राहिलं." एवढेच. मग त्यांनी खिशातून छोटी हातोडी काढून माझ्या हाती दिली. "डोळा रंगाला भुलतो. कानाला रंग दिसत नाही. निघण्याआधी प्रत्येक पाट्यावर एक ठोका. खणखणीत वाजला तर निघायचं. बद्द वाजला तर थांबायचं. मडकं घेताना वाजवून घेतोस ना? तसंच."

एकत्र आवळलेले पाटे घंटेसारखे वाजत नाहीत, हे खरे. पण डावा आणि उजवा जुळ्या भावांसारखे असतात. एकाचा आवाज बसला तर दुसऱ्याशी ताडून कळतो. त्या रविवारी मी आळीपाळीने ठोकून पाहिले. दोन्हीकडून तोच स्वच्छ, आखूड सूर आला. उस्ताद माझ्या चेहऱ्याकडे पाहून समाधानाने हसले.

सहाव्या रविवारी मी विचारले. बरीच तयारी केली होती. ते बॉनेटमध्ये डोके घालून उभे होते; समोरासमोर विचारण्यापेक्षा पाठीला विचारणे मला सोपे वाटले. मी म्हणालो, "तुमची हरकत नसेल तर आम्ही दोघांनी लग्न करायचं ठरवलं आहे."

मग बॉनेटमधून हात बाहेर आला.

"ग्रीसगन दे," ते म्हणाले.

मी ग्रीसगन दिली.

संध्याकाळी तिला हे सांगितले तेव्हा ती आधी हसली, आणि मग, मी हसत नाही हे पाहून, तिचा चेहरा कठीण झाला. "म्हणजे नाही. तेही तोंडावर सांगायचं नाही. बाबा असले नव्हते रे." त्या दिवसापासून तिने, आईलाही कारण न सांगता, वडिलांशी बोलणे टाकले. घरात निरोप काकूंच्या मार्फत जाऊ लागले. उस्तादांना काही उमगेना. "पोरगी फुगलीय," ते टायरवाल्याला सांगत. "मागच्या वेळी वळणावर गाडी जोरात घेतली, त्याचा राग असणार."

या अशा दिवसांत शाळेची सहल ठरली. शनिवारी सकाळी तिचा वर्ग, बत्तीस मुले, डोंगरावरच्या तळ्यावर जाणार होता, थोरलीतून. दर वर्षी जात असे. मुले वर्षभर त्या लाकडी बाकांची वाट पाहत. शाळेचा नियम एवढाच, की ट्रकचा त्या वर्षीचा फिटनेसचा कागद हातात हवा. म्हणून गुरुवारी उस्ताद थोरलीला घेऊन आमच्या आवारात आले.

ती नवरीसारखी सजली होती. त्यांनी तिला चार दिवस रंगवले होते. वरून हिरवी, आणि खालून, जिथे माझ्याशिवाय कोणी पाहणार नव्हते तिथेही, दाट काळी. खड्ड्यात उतरून दिवा वर धरला तेव्हा तिचे पोट आरशासारखे चकाकले. रंगाचा वास अजून ओला होता. यू-बोल्टांच्या नटांवर आडवी पांढरी रेघ मारलेली असते. नट ढिला झाला की रेघ तुटते आणि लगेच दिसते. ती रेघ रंगाखाली गेली होती. पोलादाला चीर गेली की तिच्या तोंडाशी गंजाचा तांबूस ओघळ येतो. असला तर तोही रंगाखाली गेला होता. मुद्दाम कोणी काही लपवले नव्हते. उस्तादांनी तिला प्रेमाने रंगवले होते, आणि ते प्रेम दोन बोटे जाड होते.

मी हातोडी काढली. उजवा ठोकला: स्वच्छ. डावा ठोकला.

बद्द.

मी श्वास धरला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. एकीकडे सूर होता. दुसरीकडे ओल्या लाकडावर मूठ पडावी तसा ठोका.

"उस्ताद," मी खड्ड्यातून म्हणालो, "डावा बद्द वाजतोय."

वर त्यांचे बूट दिसत होते. ते हलले नाहीत. ते कोणते तरी जुने कवायतीचे गाणे गुणगुणत होते.

"उस्ताद, डावा पाटा बद्द वाजतोय."

"रंग बघ कसा बसलाय," वरून आवाज आला. "एक थेंब ओघळला नाही."

मी वर आलो. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला होता, मुलीच्या डोक्यावर ठेवावा तसा. "मी सकाळीच ठोकून आलोय," ते म्हणाले. "सगळे खणखणीत. मार शिक्का."

मला तेव्हा काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मला वाटले, हा माणूस ऐकून न ऐकल्यासारखे करतो आहे. मुलगी मागितली तेव्हा त्याने असेच केले होते. आणि मला हेही वाटले, की सही नाकारली तर ते म्हणतील, याने सूड घेतला. माझ्या तोंडून एवढेच निघाले: "उद्या देतो." हे मात्र त्यांना कळले, कारण मी कागद मिटून खिशात ठेवला. त्यांचा चेहरा उतरला. ते गाडीत चढले.

त्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर मी तिला सगळे सांगितले.

"तू बाबांना सांगितलंस?"

"दोनदा. ते रंगाबद्दल बोलत राहिले."

"ते पाट्याच्या बाबतीत असं करणार नाहीत," ती म्हणाली. "माझ्या बाबतीत करतील एक वेळ. पाट्याच्या नाही." तिने पायरीवरचा खडू उचलून बोटांत फिरवला. "ते कुठे उभे होते?"

"वर. मी खड्ड्यात."

"आणि ग्रीसगनच्या दिवशी?"

"बॉनेटमध्ये डोकं होतं."

ती खडू फिरवायची थांबली. मग एक एक आठवू लागली. दारावरची बेल वाजली तरी ते उठत नाहीत, आई उठते. किटलीची शिट्टी त्यांच्या शेजारी कोकलत असते. रेडिओ इतका मोठा, की शेजारी बातम्या फुकट ऐकतात. "आई रोज म्हणते, तीस वर्षं इंजिनाशेजारी बसले, आता माझं ऐकतच नाहीत. मला वाटायचं, हे नवराबायकोचं नेहमीचंच." तिच्या हातातला खडू मोडला. "अरे, त्यांना ऐकू येत नाहीये. आणि मी दोन आठवडे बोलत नाहीये त्यांच्याशी."

आठ रविवार मी ज्या माणसाशी बोलत होतो त्याच्यापर्यंत माझा एकही शब्द पोहोचला नव्हता. तो मला मौनीबाबा म्हणत होता, कारण त्याच्या जगात मी खरोखरच मौनात होतो. मला वाईट वाटायला हवे होते. पण छातीवरची एक जुनी गाठ सैल झाली, हे खोटे कशाला सांगू?

"मी सांगू त्यांना?" तिने विचारले.

मला मोह झाला. पण डावा पाटा मी ऐकला होता. आणि तो फुटका आहे हे सांगणे म्हणजे, दर शनिवारी ठोकून 'खणखणीत' म्हणणाऱ्या माणसाला, त्याचा कान गेला आहे, हेही सांगणे होते. असे दोन निरोप दुसऱ्याच्या हाती पाठवू नयेत.

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो. तू दुपारच्या सुट्टीत खडूची पेटी घेऊन ये."

शुक्रवारी सकाळी मी छपराखाली गेलो. उस्ताद पाठमोरे बसून पान्हे पुसत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, छाती भरून हवा घेतली आणि आयुष्यात प्रथमच ओरडलो.

"उस्ताद! डावा बद्द वाजतोय!"

पत्र्यावरची कबुतरे उडाली. समोर टायरवाल्याच्या हातून काहीतरी खणकन पडले. काकू खिडकीत आल्या.

"ओरडतोस कशाला?" उस्ताद म्हणाले. "बहिरा आहे का मी?"

मग रस्त्यापलीकडून टायरवाला म्हणाला, "दोन वर्षं मी हेच सांगतोय. पण ऐकतंय कोण?"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिले, खिडकीतल्या काकूंकडे पाहिले. मग हातोडी घेतली आणि थोरलीखाली वाकले. उजवीकडे ठोका, डावीकडे ठोका.

"सारखेच आहेत."

मी मान हलवली. नाही.

"यू-बोल्ट ढिला असेल मग. ढिला असला तरी बद्द वाजतो."

हे खरे होते. त्यांनी लांब पान्हा लावून चारही नट आवळले, मी ठोकले. बद्द. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना उत्तर कळले. ते पान्हा खाली ठेवून म्हणाले, "उतरव."

पुढचे तीन तास आम्ही काम केले. चेसिसखाली लाकडी ठोकळे लावले; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला उस्ताद 'वर जायची घाई आहे का रे?' असे विचारतात. पाट्यांचा गठ्ठा शिकंज्यात धरून मगच मधला बोल्ट सोडला, कारण दाबून धरलेले पोलाद एकदम सुटले तर बोटे शिल्लक ठेवत नाही. एक एक पाटा वेगळा केला, रंग खरवडला, रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि उजेडात धरला. कुठे काही नव्हते. मुख्य पाटाही साफ दिसत होता. उस्ताद नखाने चाचपत होते. मी स्वतःच्या कानावर शंका घेऊ लागलो. बत्तीस मुलांची सहल, एका माणसाचा अभिमान आणि माझे लग्न मी एका ठोक्यावर लावले होते.

दुपारी ती आली. खडूची पेटी माझ्या हाती देऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली. बोलली नाही, पण त्यांच्या बाहीवरची माती झटकली. आम्ही खडू कुटून त्याची भुकटी मुख्य पाट्यावर पसरली. भेग असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि खडूवर ओले उमटते. मी पाट्याच्या टोकावर हळूहळू ठोके देत राहिलो. पाटा पांढराशुभ्र होता, आणि पांढराच राहिला. टायरवालाही येऊन उभा होता.

"उमटलं का काही?" काकूंनी खिडकीतून विचारले.

"अहो काकू, पोळी नाहीये ती फुगायला," टायरवाला म्हणाला.

आणि मग मधल्या बोल्टाच्या भोकापासून एक केसाएवढी करडी रेघ निघाली. ती वाकडीतिकडी होत, जणू वाट शोधत, पाट्याच्या कडेपर्यंत गेली. तिथे पोहोचून थांबली.

उस्तादांनी त्या रेघेवरून नख फिरवले. नंतर त्यांनी तळहात पाट्यावर ठेवला आणि मला खूण केली. मी ठोकले. मग त्यांनी तळहात उजव्या बाजूच्या शाबूत पाट्यांवर ठेवला. मी ठोकले. ते असे तीन-चार वेळा करत राहिले.

"हाताला कळतंय," ते शेवटी म्हणाले. "हा लगेच मरतो. तो जरा वेळ जिवंत राहतो." ते चाकावर बसले. "दर शनिवारी ठोकतो मी. एकही शनिवार चुकलेला नाही. आणि दर शनिवारी मला ठण्ण असं ऐकू येतं." मग, हळू, "ऐकू येत नव्हतं म्हणजे. आठवत होतं."

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या बोटांचे पांढरे ठसे त्यांच्या निळ्या सदऱ्यावर उमटले.

"उद्या मुलं या बाकांवर असती," ते म्हणाले. "तू पण."

"नाहीयेत ना बाबा," ती मोठ्याने, त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली. "पुढच्या शनिवारी असतील."

त्यांनी नाक ओढले, मला न्याहाळले. त्यांच्या कपाळावर नवीनच आठी पडली. "म्हणजे तू इतके रविवार बोलत होतास?"

"हो!"

"मला वाटलं पोराला तोंडच नाही. मी हिच्या आईला म्हणालो पण, जावई म्हणून चांगला आहे हो, वाद घालणार नाही. पण हा विचारणार कधी?"

खिडकीतून काकू म्हणाल्या, "मला म्हणाले होते. मी म्हटलं, विचारेल तेव्हा विचारेल."

"त्याने विचारलं होतं, बाबा!" ती म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी!"

"मग मी काय म्हणालो?"

"ग्रीसगन दे!" मी ओरडलो.

टायरवाला आधी हसला. मग काकू. मग उस्ताद स्वतः, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि त्या पाण्यातले थोडे हसण्याचे नव्हते हे आम्हा सर्वांना दिसत होते. हसणे थांबल्यावर त्यांनी उजवा कान हाताने पुढे वळवला आणि म्हणाले, "हं. आता विचार. खणखणीत."

मी विचारले. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेले असावे. दोन खिडक्या उघडल्या. ज्या वाक्याची मी आठवडाभर तालीम केली होती आणि जे त्यांच्या पाठीला ऐकवले होते, ते मी भर दुपारी, काळ्या हातांनी, चार माणसांच्या देखत आणि एका फुटक्या पाट्याच्या साक्षीने ओरडून म्हटले. मला लाज वाटेल असे वाटले होते. वाटली नाही.

"हो म्हणा आता," काकू म्हणाल्या. "सगळ्या गल्लीनं ऐकलंय. नाही म्हणायची सोय राहिली नाही."

"हो," उस्ताद म्हणाले. आणि सवयीने हात पुढे करून, "ग्रीसगन दे."

शनिवारी सकाळी त्यांनी स्वतः शाळेत जाऊन मुलांना सांगितले, की सहल एक आठवडा पुढे गेली आहे, आणि का. मुले चिडली. एकाने विचारले, "तुम्हाला आवाज आला नाही?" "नाही आला," ते म्हणाले. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतके अवघड वाक्य बोलावे लागले असेल असे मला वाटत नाही, आणि ते त्यांनी बत्तीस मुलांसमोर उभे राहून सरळ म्हटले.

नवा पाटा बसला. नटांवर मी पांढऱ्या रेघा मारल्या आणि त्यांनी शपथ घेतली की यापुढे थोरलीचे पोट रंगवणार नाहीत. "पोटाला नुसतं वंगण," ते म्हणाले. "काजळ-पावडर वरच्या अंगाला." मी कागदावर सही केली. पुढच्या शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. चढापूर्वी एकदा आणि उतारापूर्वी एकदा त्यांनी गाडी थांबवली. मी खाली उतरून ठोकले, त्यांनी तळहात ठेवला आणि प्रश्नार्थक पाहिले.

"खणखणीत!" मी म्हणालो. ताडपत्रीखालून बत्तीस आवाजांनी ते परत म्हटले. उतार आम्ही सावकाश उतरलो, इतके सावकाश की एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकले आणि मुलांनी त्याला उत्तेजन दिले. तिच्या शेजारी बसून मी पाट्यांचे वाकणे आणि सरळ होणे मणक्यात मोजत होतो.

नंतर त्यांनी कानाचे यंत्र घेतले. काकू बोलू लागल्या की ते काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात, अशी काकूंची तक्रार आहे. ते म्हणतात, बॅटरी वाचवतो.

फुटका पाटा मी भंगारात टाकू दिला नाही. उस्तादांनी तो ऐरणीवर आडवा धरून मोठ्या घणाने भेगेतच तोडला. दोन तुकडे झाले. मी सहज म्हणून लांब तुकडा दोरीला लटकवून ठोकला, आणि छपरात असा सूर भरला की टायरवाला बाहेर आला. भेगेपलीकडचे पोलाद पूर्ण शाबूत होते. इतके दिवस त्या भेगेने त्याचा आवाज दाबून ठेवला होता.

तो तुकडा आता शाळेच्या आवारातल्या झाडाला टांगला आहे. विजेची घंटा कायमची काढून टाकली. पहिल्या दिवशी उस्ताद आले होते. एका मुलीने घंटा दिली तेव्हा त्यांनी पाट्यावर अलगद तळहात टेकला आणि पोलाद थरथरायचे थांबेपर्यंत तो काढला नाही.

रोज साडेदहाला ही घंटा वाजते. मी माझ्या खड्ड्यात असलो तरी मला ऐकू येते. परवा ती वाजायच्या आधीच भिंतीवरून चेंडू आला. मी तो उचलून परत फेकला आणि म्हणालो, "सांभाळून."

पलीकडून उत्तर आले, "हो काका!"